आरएफ एक्स्पोजरचे मूल्यमापन: आधी अंतर, मग वॅट

वाय-फाय, ब्लूटूथ किंवा एलटीई (४जी मोबाइल जोडणी) असलेले उत्पादन बाजारात आणताना त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी माणसाच्या शरीरासाठी ठरवलेल्या मर्यादेत आहेत, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते; यालाच आरएफ (रेडिओ लहरींच्या) एक्स्पोजरचे मूल्यमापन म्हणतात. नव्याने या कामावर आलेल्या अभियंत्याकडे हा विषय बहुधा शेवटच्या टप्प्यात येतो, तोपर्यंत डबीचा साचा तयार झालेला असतो आणि अँटेनाची जागा पक्की झालेली असते. हा लेख अशा अभियंत्यासाठी आहे. विवेचनासाठी दोन काल्पनिक उत्पादने घेतली आहेत: भिंतीवर बसवायचा, वाय-फाय आणि एलटीई असलेला गेटवे (इतर उपकरणांना नेटवर्कशी जोडणारे उपकरण), आणि ज्येष्ठ नागरिकांनी गळ्यात घालायचे, ब्लूटूथ आणि एलटीई असलेले संकटसूचक लॉकेट. दोन्हींत एलटीईचे एकच मॉड्यूल आहे असे समजू. तरीही एकाचे काम पानभर आकडेमोडीत संपते आणि दुसऱ्याला प्रयोगशाळेत जावे लागते, आणि हा फरक केवळ अंतरामुळे पडतो.

मर्यादा कशावर बेतल्या आहेत

रेडिओ लहरींची ऊर्जा शरीरात शोषली गेली की ऊतींचे तापमान वाढते, आणि आजच्या मर्यादांचा पाया मुख्यतः हाच परिणाम आहे. संपूर्ण शरीरात दर किलोग्रॅममागे सुमारे ४ वॅट शोषले जाऊ लागले की प्रयोगातील प्राण्यांच्या वर्तनात बदल दिसू लागतो, असे आढळले. त्याच्या एक दशांश, म्हणजे ०.४ वॅट प्रति किलोग्रॅम, ही मर्यादा प्रशिक्षित कामगारांसाठी ठरली आणि तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.०८, सर्वसामान्य जनतेसाठी. शोषणाच्या या दराला आपल्याकडचे अभियंते सर्रास ‘एसएआर’ म्हणतात. हातात किंवा अंगावर असलेल्या छोट्या उपकरणाची ऊर्जा शरीराच्या लहानशा भागात एकवटते, म्हणून त्यांच्यासाठी स्थानिक एसएआरची वेगळी मर्यादा असते, आणि आपल्या कामात बहुतेक वेळा तीच कसाला लागते.

पहिली पायरी: उत्पादन कुठे विकायचे ते ठरवा

अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेची मर्यादा डोके आणि धड यांसाठी १.६ वॅट प्रति किलोग्रॅम आहे आणि ती १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून मोजली जाते. युरोपात ‘इक्नर्प’ या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांना धरून २ वॅट प्रति किलोग्रॅम ही मर्यादा आहे, पण तिची सरासरी १० ग्रॅमवर घेतात. दोन्हींत फारसा फरक नाही असे आकड्यांवरून वाटते, ते खरे नाही. १० ग्रॅमच्या घनात शिखराभोवतीचा (सर्वाधिक शोषणाच्या बिंदूभोवतीचा) थंड भागही मिसळतो आणि शिखर बोथट होते, त्यामुळे अमेरिकी मोजणी बरीच कडक ठरते. म्हणूनच एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या मर्यादेशी ताडून पाहू नये. मनगट, हात, पाय यांसाठी मात्र दोन्हीकडे १० ग्रॅमवर ४ वॅट प्रति किलोग्रॅम अशी मर्यादा आहे.

भारताने मोबाइल हँडसेटसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून अमेरिकेप्रमाणे १ ग्रॅमवर १.६ वॅट प्रति किलोग्रॅम ही मर्यादा स्वीकारली. ‘*#०७#’ डायल केल्यावर भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर एसएआरचे आकडे दिसतात, तेही याच धोरणामुळे. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून मिळणारी ‘ईटीए’ ही मंजुरी प्रामुख्याने वारंवारता आणि प्रक्षेपणशक्ती यांविषयी असते. ती हातात आहे म्हणून एक्स्पोजरचा प्रश्न सुटला, असा अर्थ काढू नये.

दुसरी पायरी: अंतर कागदावर मांडा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. उपकरण नेहमीच्या वापरात शरीरापासून २० सेंटिमीटर किंवा त्याहून दूर राहणार असेल, तर एफसीसीच्या वर्गवारीत ते ‘मोबाइल’ ठरते, आणि त्याहून जवळ येणार असेल तर ‘पोर्टेबल’. या हिशेबाने मोबाइल फोन ‘पोर्टेबल’ वर्गात पडतो, हे सुरुवातीला थोडे गोंधळात टाकते. पहिल्या वर्गात मोकळ्या जागेतील शक्तिघनतेचे (दर चौरस सेंटिमीटरला किती शक्ती पडते याचे) गणित चालते, तर दुसऱ्या वर्गात एसएआरचा विचार करावाच लागतो.

हे अंतर अँटेनापासून शरीरापर्यंतचे असते. आवरणाची जाडी आणि आतली पोकळी दोन्ही त्यात मोजता येतात, आणि अँटेनाचे जे टोक शरीराला सर्वांत जवळ येते तेथून मोजणी करायची असते. त्यासाठी यांत्रिक आराखडा तयार करणाऱ्या सहकाऱ्यासोबत बसून प्रत्येक अँटेनापासून आवरणाच्या प्रत्येक बाह्य पृष्ठभागापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहून काढावे. मग वापराच्या सर्व स्थितींची यादी करावी. लॉकेट छातीवर पालथे पडेल, झोपताना मानेखाली येईल, हातात धरून बोलण्याची सोय दिली असेल तर कानाजवळही नेले जाईल. जी स्थिती सहज घडण्यासारखी आहे ती गृहीत धरावीच लागते. ‘उपकरण शरीरापासून २० सेंटिमीटर दूर ठेवावे’ अशी सूचना गेटवेच्या माहितीपुस्तिकेत योग्य आहे, किंबहुना आवश्यक आहे. लॉकेटच्या पुस्तिकेत ती हास्यास्पद ठरेल आणि कोणताही परीक्षक ती मान्य करणार नाही.

तिसरी पायरी: शक्तीचा खरा आकडा शोधा

माहितीपत्रकातील ‘सामान्य’ शक्ती येथे चालत नाही. उत्पादनात येणाऱ्या कोणत्याही नगाची, सहनसीमेसह (नाममात्र आकड्यातला संभाव्य चढउतार धरून), जास्तीत जास्त शक्ती किती असू शकते हा आकडा हवा. एलटीईच्या नेहमीच्या वर्गात नाममात्र शक्ती २३ डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), म्हणजे २०० मिलीवॅट असते. उत्पादकाने अधिक १ डेसिबलची सहनसीमा जाहीर केली असेल तर २४ डीबीएम, म्हणजे सुमारे २५१ मिलीवॅट धरावे लागतात. एका डेसिबलमुळे शक्ती पावपटीने वाढते, तेव्हा खरेदी विभागाने मॉड्यूल निश्चित करण्यापूर्वीच हा आकडा लेखी मागून घ्यावा.

काळाच्या सरासरीची सवलत मिळते, पण ती तंत्रज्ञानाच्या अंगभूत रचनेतून आलेली असली तरच. जीएसएम या २जी मोबाइल तंत्रज्ञानात आठपैकी एकाच कालखंडात प्रक्षेपण होत असेल तर २ वॅटची सरासरी २५० मिलीवॅट होते, आणि ती ग्राह्य धरतात. ‘आमचे लॉकेट दिवसातून दोनदाच संदेश पाठवते’ हा युक्तिवाद मात्र कामाचा नाही, कारण संकटाच्या वेळी ते सलग प्रक्षेपण करेल आणि नियमही त्याच वेळेचा विचार करतो.

येथे मॉड्यूलच्या प्रमाणपत्राबद्दलही स्पष्ट असलेले बरे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रमाणित मॉड्यूलांच्या मंजुरीपत्रात अटी लिहिलेल्या असतात: शरीरापासून किमान २० सेंटिमीटर अंतर, अँटेनाची कमाल लब्धी (एका दिशेला शक्ती एकवटण्याचे प्रमाण), आणि दुसऱ्या प्रक्षेपकाबरोबर एकाच वेळी वापर नसणे. यांतील एकही अट आपल्या उत्पादनात मोडत असेल तर एक्स्पोजरचे मूल्यमापन नव्याने करणे ही आपली जबाबदारी ठरते. गेटवेसाठी पहिल्या दोन अटी पाळता येतात आणि तिसरी सहसा मोडते. लॉकेटमध्ये पहिलीच टिकत नाही. मंजुरीपत्राचे पहिले पान पाहून निश्चिंत होण्यापेक्षा त्याखालची बारीक अक्षरांतील टीप आधी वाचावी.

चौथी पायरी: गेटवेचे गणित

सूत्र सोपे आहे. शक्ती आणि अँटेनाची लब्धी यांच्या गुणाकाराला ४ गुणिले पाय (π) गुणिले अंतराचा वर्ग यांनी भागले की शक्तिघनता मिळते. अंतर २० सेंटिमीटर घेतल्यास भाजक ५,०२७ चौरस सेंटिमीटर होतो.

वाय-फायची शक्ती २० डीबीएम, म्हणजे १०० मिलीवॅट, आणि अँटेनाची लब्धी ३ डीबीआय, म्हणजे सुमारे दुप्पट, असे धरू. २०० भागिले ५,०२७ केल्यास दर चौरस सेंटिमीटरला ०.०४ मिलीवॅट मिळतात. एफसीसीची सर्वसामान्य जनतेसाठीची मर्यादा १,५०० मेगाहर्ट्झच्या वर १ मिलीवॅट प्रति चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे आपण मर्यादेच्या ४ टक्के वापरले. एलटीईसाठी मर्यादा वारंवारतेनुसार बदलते: ३०० ते १,५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मेगाहर्ट्झमधील वारंवारतेला १,५०० ने भागायचे असते. ८२४ मेगाहर्ट्झला ती ०.५५ येते. २५१ मिलीवॅट आणि २ डीबीआय लब्धी यांचा गुणाकार ३९८ मिलीवॅट, त्याची शक्तिघनता ०.०७९, म्हणजे मर्यादेच्या १४.४ टक्के. दोन्ही प्रक्षेपक एकाच वेळी चालू असतील तर टक्केवारींची बेरीज करायची आणि ती १०० च्या आत असावी लागते. येथे बेरीज १८.४ झाली. पट्टा बदलला की मर्यादाही बदलते, म्हणून प्रत्येक पट्ट्यातील सर्वांत कमी वारंवारता घेऊन गणित करावे.

युरोपसाठी हेच गणित थोड्या वेगळ्या मर्यादेने होते. १९९९ च्या युरोपीय शिफारशीत ४०० ते २,००० मेगाहर्ट्झमध्ये वारंवारतेला २०० ने भागून वॅट प्रति चौरस मीटर ही मर्यादा मिळते. ८३२ मेगाहर्ट्झला ती ४.१६ येते, आपला आकडा ०.७९ आहे, म्हणजे सुमारे १९ टक्के. गेटवेचा अहवाल येथे पूर्ण होतो.

पाचवी पायरी: लॉकेटला सूट मिळते का ते पाहा

प्रयोगशाळेचा खर्च करण्यापूर्वी सूट तपासावी. युरोपात कमी शक्तीच्या उपकरणांसाठीचे ईएन ६२४७९ हे मानक सरळ आहे: सरासरी शक्ती २० मिलीवॅटपर्यंत असेल तर मोजणीची गरज नाही. त्यामागचे तर्कशास्त्रही तितकेच सरळ. सगळीच्या सगळी शक्ती १० ग्रॅम ऊतीत शोषली गेली, तरी २ वॅट प्रति किलोग्रॅमच्या वर जाता येत नाही.

अमेरिकेत ३ मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार १ मिलीवॅटपर्यंतच्या एकट्या प्रक्षेपकाला अंतराची अट न लावता सूट आहे. त्याहून अधिक शक्ती असेल तर ०.३ ते ६ गिगाहर्ट्झमध्ये अर्ध्या सेंटिमीटरपासून ४० सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरांसाठी सूटमर्यादेचे सूत्र दिले आहे. १.५ गिगाहर्ट्झच्या वर २० सेंटिमीटरला ही मर्यादा ३,०६० मिलीवॅट असते आणि अंतर घटेल तशी ती एका घातांकाने कोसळत जाते. हा घातांक ३,०६० आणि गिगाहर्ट्झमधील वारंवारतेचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराला ६० ने भागून, येणाऱ्या उत्तराचा दशमान लॉगरिदम घेतला की मिळतो.

ब्लूटूथच्या २.४५ गिगाहर्ट्झसाठी घातांक १.९ येतो आणि ५ मिलिमीटर अंतरावर सूटमर्यादा २.७ मिलीवॅट ठरते. जुन्या पद्धतीत त्याच ठिकाणी सुमारे १० मिलीवॅटपर्यंत सूट मिळत असे, त्यामुळे जुने अहवाल नमुना म्हणून उतरवून काढणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. आपल्या लॉकेटमधील ब्लूटूथची शक्ती ४ डीबीएम आणि सहनसीमा १ डेसिबल असेल तर कमाल शक्ती ३.२ मिलीवॅट होते. म्हणजे सूट थोडक्यात हुकली.

आता दोन वाटा आहेत. प्रोटोकॉलच्या रचनेमुळेच प्रक्षेपण कधीही ८० टक्क्यांहून अधिक वेळ चालू राहू शकत नाही, हे दाखवता आले तर सरासरी २.५ मिलीवॅट होते आणि सूट मिळते. दुसरी वाट यांत्रिक आहे. अँटेना शरीरापासून ५ ऐवजी ७ मिलिमीटरवर नेली तर तेच सूत्र ५.२ मिलीवॅटपर्यंत सूट देते. दोन मिलिमीटरमध्ये मर्यादा जवळजवळ दुप्पट होते, आणि आराखड्याच्या टप्प्यावर दोन मिलिमीटर मिळवायला काही खर्च पडत नाही; साचा तयार झाल्यावर त्याच दोन मिलिमीटरसाठी नवा साचा लागतो. मला विचाराल तर दुसरी वाट नेहमीच चांगली, कारण ती सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीवर अवलंबून राहत नाही.

एलटीईबाबत मात्र कसलीच शंका नाही. १.५ गिगाहर्ट्झच्या खाली सूत्रात ३,०६० ऐवजी वेगळा आकडा येतो; त्यानुसार ८३५ मेगाहर्ट्झला ५ मिलिमीटरवरची सूटमर्यादा सुमारे ९ मिलीवॅट येते आणि आपल्याकडे २५१ मिलीवॅट आहेत.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत

एसएआर मोजण्यासाठी शरीराच्या जागी ‘फॅन्टम’ नावाचे पातळ भिंतीचे कवच वापरतात आणि त्यात ऊतींसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव किमान १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत भरतात. कानाजवळच्या उपकरणांसाठी डोक्याच्या आकाराचा फॅन्टम असतो, लॉकेटसारख्यांसाठी सपाट. द्रवाचे गुणधर्म वारंवारतेनुसार ठरलेले आहेत: ९०० मेगाहर्ट्झला सापेक्ष परावैद्युतांक ४१.५ आणि वाहकता ०.९७ सीमेन्स प्रति मीटर, २,४५० ला ३९.२ आणि १.८०. कमी वारंवारतांसाठी पाणी, साखर आणि मीठ यांच्या मिश्रणातूनही हा द्रव बनवता येतो. उपकरण कवचाच्या खाली बसवतात आणि यंत्रमानवाच्या हाताला जोडलेला प्रोब द्रवात फिरून विद्युतक्षेत्र मोजतो. आधी मोठ्या क्षेत्रावर विरळ मोजणी होते, नंतर शिखराभोवती घनाकृती बारीक मोजणी. मोजणीची कार्यपद्धती आयईसी आणि आयईईई या मानक-संस्थांच्या ६२२०९-१५२८ या २०२० च्या संयुक्त मानकात दिलेली आहे.

ही सगळी यंत्रणा प्रयोगशाळा सांभाळते. आपण तयारी करायची ती नमुन्यांची. पूर्ण चार्ज होणारी बॅटरी असलेले, अंतिम आवरणातले नमुने द्यावेत आणि कमाल शक्तीवर सतत प्रक्षेपण करू शकणारी चाचणी-प्रणाली त्यांत आधीच घातलेली असावी. प्रयोगशाळा निवडताना, ज्या नियामकाकडे अर्ज करायचा आहे त्याला तिची मान्यता चालते ना, याची लेखी खात्री करून घ्यावी.

लॉकेटबाबत हमखास विसरला जाणारा भाग म्हणजे साखळी. धातूची साखळी अँटेनाजवळ आली की क्षेत्राची मांडणी बदलते आणि शिखर सरकते, कधी वाढतेही. विक्रीच्या खोक्यात धातूची साखळी, क्लिप किंवा पट्टा देणार असाल तर त्यासह मोजणी करावी लागते. सुती किंवा सिलिकॉनची दोरी दिली तर हा प्रश्न उद्भवत नाही, आणि ज्येष्ठांच्या मानेलाही ती बरी.

मोजलेला आकडा जसाच्या तसा अहवालात जात नाही. नमुन्याची प्रत्यक्ष शक्ती २३.४ डीबीएम होती आणि एसएआर ०.९२ आला, तर जाहीर कमाल २४ डीबीएमपर्यंत तो वाढवून १.०६ लिहावा लागतो. एफसीसीच्या पद्धतीत पट्ट्याची रुंदी १०० मेगाहर्ट्झपर्यंत असेल आणि निवडलेल्या वाहिनीवरचा आकडा ०.८ च्या आत असेल, तर उरलेल्या वाहिन्यांची मोजणी टाळता येते, तो ०.८ ला पोहोचला की फेरमोजणी करावी लागते. म्हणजे १.६ ची मर्यादा पाळणाऱ्या उत्पादनालाही ०.८ च्या खाली राहिल्याने वेळ आणि पैसा दोन्ही वाचवता येतात.

सातवी पायरी: एकत्र प्रक्षेपण

ब्लूटूथ आणि एलटीई एकाच वेळी चालू असतील तर दोन्हींचे एसएआर आधी नुसते बेरजेला लावावेत. बेरीज १.६ च्या आत आली की पुढे जावे लागत नाही. ती ओलांडली तर एफसीसी एक गुणोत्तर पाहते: बेरजेचा दीड घात घेऊन त्याला दोन शिखरांमधील मिलिमीटरमधल्या अंतराने भागायचे, आणि उत्तर ०.०४ पेक्षा जास्त नसावे. १.१ आणि ०.७ अशी १.८ ची बेरीज झाली तर दोन्ही शिखरांत सुमारे ६० मिलिमीटर अंतर लागते. टॅबलेटमध्ये ते सहज मिळते. चार-पाच सेंटिमीटरच्या लॉकेटमध्ये ते मिळणे शक्य नाही, तेव्हा एकाची शक्ती कमी करणे किंवा दोन्ही एकाच वेळी चालू होणार नाहीत अशी पक्की व्यवस्था हार्डवेअरच्या पातळीवर करणे, एवढेच हाती उरते.

उत्पादनात ६ गिगाहर्ट्झच्या वरचे प्रक्षेपण असेल, उदाहरणार्थ नव्या वाय-फायचा वरचा पट्टा, तर शक्तिघनतेची स्वतंत्र मोजणी लागते. पहिल्याच उत्पादनात हा भाग टाळता आला तर टाळावा.

आठवी पायरी: मंजुरीनंतरचे काम

फ्रान्सची वारंवारता-नियामक संस्था ‘एएनएफआर’ दुकानांतून फोन विकत घेऊन स्वतः मोजणी करते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने ॲपलच्या आयफोन १२ ची विक्री थांबवण्यास सांगितले. ५ मिलिमीटरवरून केलेल्या धडाच्या चाचणीत तो फोन उत्तीर्ण होता. हातात किंवा पँटच्या खिशात असल्याप्रमाणे थेट चिकटवून केलेल्या अवयवांच्या चाचणीत मात्र ४ च्या मर्यादेसमोर ५.७४ वॅट प्रति किलोग्रॅम आढळले. हा फोन २०२० पासून बाजारात होता. कंपनीने फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर बदल देऊन प्रश्न सोडवला. शरीर जवळ आहे की नाही हे ओळखून शक्ती कमी-जास्त करणारी कोणतीही प्रणाली वापरताना, ती चुकीचा निर्णय देईल तेव्हा काय होईल याचीही चाचणी करून ठेवावी, एवढे या प्रकरणावरून आपल्या कामात घ्यावे.

म्हणून एक्स्पोजरची फाइल मंजुरीबरोबर बंद करू नये. तिच्यात अँटेनापासूनच्या अंतरांचा आराखडा, पट्टानिहाय कमाल शक्तीचा तक्ता, फर्मवेअरची (उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, नमुन्यांचे क्रमांक आणि छायाचित्रे ठेवावीत. अँटेना बदलली, बॅटरी किंवा आवरणाची जाडी बदलली, नवा पट्टा सुरू केला किंवा फर्मवेअरमधील शक्तीचा तक्ता कुणी ‘सिग्नल सुधारण्यासाठी’ वाढवला, तर प्रत्येक वेळी ही फाइल उघडून पुन्हा दुसऱ्या पायरीपासून पाहावे लागते. फर्मवेअरच्या प्रत्येक प्रकाशनापूर्वीच्या तपासयादीत शक्तीच्या तक्त्याची जुळणी ही एक ओळ घालून घ्यावी, आणि त्या ओळीपुढे सही करण्याचा अधिकार एक्स्पोजरची फाइल सांभाळणाऱ्या व्यक्तीकडेच ठेवावा.